ह्यात आधी काय होतं?

काकींच्या घरात एकाही डब्याला झाकण नव्हतं.

शहापुरातली त्यांची मागची खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी हे लक्षात आलं. तांदळाचा डबा, पिठाचा डबा, साखरेची बरणी, सगळ्यांच्या तोंडांवर जुन्या लुगड्याचे तुकडे दोऱ्याने बांधलेले. मला वाटलं, झाकणं हरवली असतील. पण पुढे माझ्याही खोलीत तेच सुरू झालं. मी कामावरून परत आलो की खोबरेल तेलाच्या बाटलीचं बूच काढून खिडकीत ठेवलेलं असायचं आणि तेलात मुंग्या. एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाल्या, "कोंडून कशाला ठेवायचं कोनाला?"

कोणाला, म्हणाल्या. तेलाला!

काकींचं वय तेव्हा सत्तरीच्या आसपास असेल. अंगाने बारीक, चालणं भराभर, आवाज मोठा. डाव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नसे, त्यामुळे त्या नेहमी मान जरा वळवून उजवा कान पुढे करून बसायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, ही बाई आपल्यावर संशय घेते आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन कल्याणला. मी गावाबाहेरच्या एका खासगी तांत्रिक शाळेत गॅस वेल्डिंग शिकवायला लागलो होतो. खोली बघायला गेलो तेव्हा "खोली रिकामी आहे का?" असं विचारलं आणि त्यांनी दारच लावून घेतलं. शेजारच्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मोकळी हाये का, असं इचारा. रिकामी म्हनू नका. त्यांना नाय चालत." मी पुन्हा कडी वाजवली, मोकळी आहे का विचारलं, आणि त्यांनी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने किल्ली काढून दिली.

अंगणाची तऱ्हा आणखीच वेगळी. रंगाचे जुने डबे, दुधाचा पोचे पडलेला कॅन, गोडेतेलाचे पत्र्याचे डबे, जे काही पोकळ होतं ते सगळं पाण्याने काठोकाठ भरलेलं. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याची काय गत होते ते सांगायला नको. धरणं उशाशी असूनही टँकरची वाट बघावी लागते. अशा दिवसांतही काकी आधी ते डबे भरायच्या आणि मग हंडे. शेजारणी कुरकुरायच्या. एकदा नगरपंचायतीची माणसं डासांसाठी आली आणि डबे उपडे करायला लागली, तेव्हा काकी दुधाच्या कॅनला मिठी मारून उभ्या राहिल्या. शेवटी त्या माणसांनीच हार मानली आणि प्रत्येक डब्यात गप्पी मासे सोडून गेली. पुढे काकी त्या माशांना भाताची शितं घालू लागल्या.

आणि तो प्रश्न. कुठलंही भांडं, पिंप, कॅन दिसला की त्या वाकून वास घ्यायच्या आणि विचारायच्या, "ह्यात आधी काय व्हतं?" भंगारवाल्याला विचारायच्या, किराणावाल्याला विचारायच्या. एका लग्नात मांडवाच्या मागे सरबताच्या पिंपाचा वास घेताना वरमाईने त्यांना बघितलं आणि तिथे बरीच बोलाचाली झाली. गावात त्यांना डबेवाली म्हातारी म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण हळूही म्हणत नसत.

मी आलो त्याच वर्षी आसनगावच्या बाजूला हायवेवर जे घडलं, ते मी विसरणार नाही. दुपारी शाळेत असताना गॅरेजवाल्याचा फोन आला. "सर, तुमच्या घरमालकीन आमच्या टाकीवर बसल्यात. उठत नाय."

मी गाडी काढून गेलो. एका टेम्पोची डिझेलची टाकी गळत होती म्हणून खाली काढून ठेवली होती. वेल्डरने गॅसचा टॉर्च पेटवला होता, तेवढ्यात काकी सुकटीची पिशवी घेऊन बाजारातून येत होत्या. त्यांनी विचारलं, ह्यात आधी काय होतं. तो म्हणाला, डिझेल, पण आता ओतून टाकलंय. काकींनी पिशवी खाली ठेवली आणि त्या टाकीवर जाऊन बसल्या. मी पोचलो तेव्हा पदर डोक्यावरून घेऊन त्या तशाच बसलेल्या होत्या आणि टेम्पोवाला त्यांच्याभोवती फिरत शिव्या देत होता.

"धुतली का?" मी वेल्डरला विचारलं.

"सर, आमी रोज अशाच करतो. काय नाय होत."

"पाणी भर आत. बूच उघडं ठेव. गळती आहे तेवढी जागा पाण्याच्या वर राहू दे आणि मग जोड."

"एवढा टाइम कोनाला हाये?" टेम्पोवाला मध्येच ओरडला. "म्हातारे, ऊठ, नायतर तुझ्यासकट उचलून नेतो."

"ने," काकी म्हणाल्या.

बराच वेळ गेला. शेवटी मी त्यांच्या उजव्या बाजूला उकिडवा बसलो आणि म्हणालो, "काकी, इथे आता कोणी टॉर्च पेटवणार नाही. मी सांगतो." तेव्हा त्या उठल्या. टेम्पोवाल्याने टाकी दुसऱ्या गाडीत टाकली आणि वाशिंदकडच्या कुठल्या तरी गॅरेजात नेली. तिथे ती न धुता, न भरता जोडली गेली. काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम टेम्पो घेऊन आमच्या दारात आला, हॉर्न वाजवला आणि ओरडला, "बघ म्हातारे, जिवंत हाये!"

काकी ओट्यावर आल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. त्यांनी त्या माणसाला नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा. लय बरं झालं."

त्या हे मनापासून म्हणाल्या. टेम्पोवाल्यालाही ते कळलं असावं, कारण तो हॉर्न न वाजवता निघून गेला.

त्या संध्याकाळी काकी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, मला शिकवाल?"

"काय?"

"पोरांना शिकवता तेच. गॅसचं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तो गॅरेजवाला बोलला, तुला काय कळतं. खरंच की. मला काय कळतं? मी नुसती भिते."

आमच्या प्राचार्यांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बसू द्या मागे. पण काही झालं तर तुम्ही जबाबदार." असं काकींचं शिक्षण सुरू झालं.

आमची कार्यशाळा म्हणजे पत्र्याची एक शेड. भिंतीला साखळीने बांधलेले दोन सिलिंडर, ऑक्सिजनचा काळा, ॲसिटिलीनचा तांबूस. एकाला निळी नळी, एकाला लाल. मुलं किन्हवली, मुरबाड, डोळखांब इकडची, बहुतेक दहावी झालेली, दोन मुलीही होत्या. पहिले काही दिवस मी ज्योत पेटवू देत नाही. किल्ली किती फिरवायची, ऑक्सिजनच्या जोडाला तेलकट हात का लावायचा नाही, ॲसिटिलीनचे आटे उलटे का असतात, हेच चालतं. मुलं कंटाळतात. काकी कंटाळल्या नाहीत. मागच्या बाकावर मान वळवून, उजवा कान पुढे करून बसायच्या. गळती तपासायला आम्ही जोडांवर साबणाचं पाणी लावतो, कुठे बुडबुडा येतो का बघतो. ते काम त्यांना इतकं आवडायचं की पुढे मुलं ते त्यांच्यावरच सोपवू लागली. ब्रशने फेस लावून त्या जोडाशी तोंड नेऊन बघत बसायच्या. मुलं त्यांना आजी म्हणायची आणि त्यांच्याकडून बोरं खायची.

ज्योत पेटवायची पाळी आली तेव्हा मी त्यांचा हात धरला होता. आधी ॲसिटिलीन थोडं सोडायचं, मग लायटर. फट् आवाज झाला, पिवळी धुरकट ज्योत उठली, काजळीचे धागे हवेत तरंगले. काकींनी टॉर्च सोडला नाही. मग मी ऑक्सिजन सोडायला सांगितलं. हळूहळू पिवळेपणा गेला, आवाज बारीक झाला आणि नोझलच्या टोकाशी छोटा, स्वच्छ, निळसर पांढरा सुळका उभा राहिला. ही बरोबर ज्योत. धातू वितळतो, जळत नाही. काकी गॉगलमधून खूप वेळ बघत राहिल्या.

"एवढीशीच असते?" त्यांनी विचारलं.

"एवढीशीच."

पत्र्याचे दोन तुकडे त्यांनी एकदाच जोडले, तेही वाकडे. पुढच्या वेळी मी सळई हातात दिली तर परत केली. "मला जोडायला नाय शिकायचं," म्हणाल्या. मी कारण विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं कौतुक म्हणून मी त्या सगळ्याकडे बघत होतो, त्यापलीकडे काही असेल असं मला सुचलं नव्हतं.

बंद भांड्यांचा धडा त्यानंतर आला. मी फळ्यावर ड्रमचं चित्र काढलं आणि सांगायला लागलो. ज्या ड्रममध्ये पेट्रोल, थिनर, रंग, तेल असं काही होतं, तो ओतून टाकला म्हणजे संपलं असं नाही. द्रव जातो, वाफ राहते. ती हवेत मिसळते. डोळ्याला काही दिसत नाही. त्याला ज्योत लागली की तो ड्रम म्हणजे बाँब.

काकींनी हात वर केला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"किती ऱ्हायलं आत तर?"

"थेंबभर पुरे."

"नुसता वास येत असंल तर?"

"वास येतोय म्हणजे वाफ आहे. तेवढंही पुरे."

त्यांनी हात खाली घेतला. तेवढ्यात शहापुरातलाच एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्याकडे झालंय असं. लय वर्सांपूर्वी. एक येडा ड्रम कापाय गेला नि उडाला. माझा चुलता सांगतो, ड्रमचा पत्रा घरांवरून गेला. मालकाला पन पत्ता नाय, परस्पर कापत व्हता."

मुलं हसली. एक म्हणाला, "डायरेक चंद्रावर!"

"तो येडा नव्हता."

सगळे मागे वळले. काकी उभ्या होत्या.

"तो येडा नव्हता," त्या पुन्हा म्हणाल्या. "ड्रम माझा व्हता. पान्यासाठी आनलेला, भंगारवाल्याकडून. आमच्या अंगनातच शेड व्हती, आमच्या ह्यांनी येल्डिंगवाल्याला भाड्याने दिलेली, तिथं तो काम करायचा. त्याचा मालक जेवायला गेलेला. मी त्याला बोलली, वरचं तोंड काप रे एवढं, पाच मिन्टाचं काम हाये. तो बोलला, काकी, आधी काय व्हतं ह्यात? मी बोलली, मला काय ठाव, रिकामा हाये, मीच पालथा करून बघितला. वास येत व्हता. मला वाटलं, रंगाचा हाये, येनारच. मी त्याच्यासाठी चाय आनाय आत गेली."

 ज्याने गोष्ट काढली होती त्या मुलाने मान खाली घातली.

"त्यानं इचारलं व्हतं," काकी म्हणाल्या. "येडा असता तर इचारलं असतं का?"

आणि त्या खाली बसल्या. मी खडू खाली ठेवला आणि मुलांना सोडून दिलं.

बाकीचं त्यांनी मला घरी आल्यावर सांगितलं, ओट्यावर बसून, शेंगा निवडाव्यात तशा सुरात. तो ड्रम कापणारा मुलगा जागीच गेला. शेडचा पत्रा उडाला, काकींचा कान गेला. शेड चालवणाऱ्या वेल्डिंगवाल्याने पोलिसांना सांगितलं की पोराने परस्पर काम घेतलं, मला माहीत नाही. ते खरंही होतं. काकींच्या नवऱ्याने काकींना आत नेलं आणि सांगितलं, तू काही बोलायचं नाहीस. त्या बोलल्या नाहीत. मुलगा मुरबाड तालुक्यातला, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला.

"तो आमच्या ह्यांच्या पाया पडला, मास्तर," काकी म्हणाल्या. "बोलला, पोरग्यानं तुमचं लय नुसकान केलं, माफी करा. मी दारात उभी व्हती. तोंडातनं शब्द नाय निघाला. तो माफी मागून पोराला घेऊन गेला."

मी विचारलं, "मग शिकायला का आलात? तुम्हाला तर सगळं माहीत होतं."

"माहीत कुठं व्हतं? वाटायचं, माझ्या ड्रमनं झालं. पुन्ना वाटायचं, नसंल, त्याचंच कायतरी चुकलं असंल. लोक म्हनतात ते खरं असंल. कधी हे वाटायचं, कधी ते. आता कळलं. मला तिथं जायचंय. बाप गेला त्याचा, आय हाये. तुमी चला माझ्यासंगं. मी एकटीनं सांगितलं तर ती म्हनंल, म्हातारी भ्रमली."

रविवारी आम्ही माझ्या मोटरसायकलवरून निघालो. किन्हवलीवरून सरळगाव, तिथून टोकावड्याचा रस्ता. भाताची कापणी होऊन गेली होती, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या होत्या, ओलाव्यावर वाल टाकलेले. काकी मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या. पाड्याच्या खाली डांबरी रस्ता संपला, तिथे गाडी लावून आम्ही चढलो.

त्या मुलाची आई अंगणात वाल सोलत बसली होती. काकींपेक्षा वयाने लहान, पण जास्त थकलेली. काकींनी आपण कोण ते सांगितलं. तिने ओळखलं, पण बस म्हणाली नाही. काकी उभ्या राहूनच बोलल्या. वर्गात बोलल्या होत्या तेच, त्याच क्रमाने, काही न गाळता. ड्रम माझा होता. मी काप म्हणाले. त्याने विचारलं होतं. वास येत होता. आणि शेवटी, "तुझा नवरा आमच्या पाया पडला तेवा मी गप ऱ्हायली."

बाईचे हात सुपावर थांबले होते. तिने माझ्याकडे बघितलं.

"ह्यो कोन?"

"मी हेच काम शिकवतो, बाई," मी म्हणालो. "त्या सांगतात ते खरं आहे. ड्रममुळेच झालं. कापायची त्याची पद्धत चुकली म्हणून नाही."

"तू शिकवतस?"

"हो."

"मंग मना एक सांग. त्याला कललं आसंल का? जलताना?"

आजवर माझ्या विषयातला इतका अवघड प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. पण उत्तर मला ठाऊक होतं आणि ते खरं होतं, एवढंच माझं नशीब. "नाही," मी म्हणालो. "ते इतकं झटकन होतं की डोळा मिटायलाही वेळ नसतो. त्याला काहीच कळलं नसणार."

 मग तिने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि उठली. मला वाटलं, आता ती काकींना मारणार. काकींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. पण तिने काकींचं मनगट धरलं.

"चल."

"कुठं?"

"हितं समदे म्हनतात, माझा पोरगा येडा व्हता. माझा दीर म्हनतो. पोरांना सांगतात, काम नीट शिका, नायतर त्याच्यावानी मराल. त्याचा बाप मरंपत्तर हेच म्हनत ऱ्हायला. मना सांगून काय? चल, त्यांना सांग."

पहिलं घर दिराचं. म्हातारा खाटेवर होता. बाईने काकींना त्याच्यापुढे उभं केलं आणि म्हणाली, "सांग." काकींनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. म्हाताऱ्याला ऐकू कमी येत होतं, तर बाई म्हणाली, "मोठ्यानं सांग," आणि काकींनी पुन्हा मोठ्याने सांगितलं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून वळला. मग पुढचं घर. एका घरातल्या बाया रडायला लागल्या, एका घरातला माणूस काकींच्या अंगावर धावून आला आणि मी मध्ये पडलो. एका घरात नवीन लग्न होऊन आलेली सून होती, तिला हे काहीच माहीत नव्हतं. तरी बाईने काकींना तिच्यासमोरही सगळं सांगायला लावलं. प्रत्येक दारात एकच शब्द, "सांग," आणि काकी सांगायच्या. कुठेही त्यांनी एक वाक्य कमी केलं नाही. वास येत होता, हे कुठल्याही दारात गाळलं नाही. हळूहळू मागे पोरं जमली, काही बाया जमल्या. घाटीच्या चढणीवर काकींचा पाय घसरला तेव्हा बाईने त्यांना दुसऱ्या हाताने सावरलं, पण मनगट सोडलं नाही.

शेवटच्या घराला कुलूप होतं. माणसं मुरबाडच्या बाजाराला गेली होती, उन्हं उतरल्यावर येतील असं कोणीतरी सांगितलं. जमलेली माणसं पांगली. बाई त्या घराच्या पायरीवर बसली, काकी तिच्या शेजारी. दोघींच्या तोंडावर ऊन येत होतं. काकींचे ओठ सुकले होते, आवाज पार बसला होता.

मी जवळ जाऊन म्हणालो, "काकी, चला आता. झालं तेवढं पुरे. रस्ता लांब आहे."

काकींनी मान हलवली.

"तुमी बसा झाडाखाली, मास्तर," त्या म्हणाल्या. "एक घर ऱ्हायलंय."